पहिली फ्रेम

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाला
आमचं फ्लेक्सचं दुकान. वर पत्रा, आत शाईचा उग्र वास.
वाढदिवस आणि दहावा एकाच मशीनवर निघतो,
गॉगल काढायचा, हार चढवायचा, एवढाच फरक.

हेरवाडे बाई आल्या त्या ऐन गणपतीच्या गर्दीत.
कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या.
पेन ड्राइव्ह रुमालाच्या गाठीत, सुट्या पैशांसारखा.
म्हणाल्या, यात एकशे चाळीस शब्द आहेत.
बसवलेत पोरांनी, करून दाखवलेत एकीनंच.
सगळे हलणारे आहेत.
भिंतीला लावायचा तक्ता पाहिजे, आठ बाय चार.

म्हटलं, त्यात काय, दहा मिनिटं.
सगळ्या जिफ एकदम निवडल्या,
जेपीजी कर म्हणून सांगितलं
आणि चहा सांगायला बाहेर पडलो.

परत येतोय तर पडद्यावर
एकशे चाळीस वेळा एकच मुलगी.
निळा गणवेश, दोन वेण्या, हात खाली.
पाणी: हात खाली.
आई: हात खाली.
भाकरी, भांडण, रंकाळा, उद्या: हात खाली.
मशीननं प्रत्येक शब्दाची पहिली फ्रेम उचलली होती,
आणि पहिल्या फ्रेममध्ये
कुणी अजून काही बोललेलंच नसतं.

बाई हसल्या नाहीत.
तपासणीला येणारे साहेब, म्हणाल्या,
एवढंच बघून जातात.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीलाच घेऊन आल्या.
रुकय्या बागवान, सातवी ब.
स्टुलावर बसली, पाय जमिनीला टेकेनात.
मी 'दूध' उघडलं. बावीस फ्रेम.
सुट्या करून ओळीनं मांडल्या, वाळवणासारख्या,
आणि अकरावीवर थांबलो:
छातीपुढं मिटलेली मूठ, स्वच्छ, कुठं धूसर नाही.
तिनं मान हलवली.
तीच मूठ माझ्या नाकापुढं धरून डोळे वटारले.
बरं, ही धमकी.
मग मूठ खाली ओढली, वर नेली, परत खाली,
आणि मला गंगावेशीत उभी म्हैस दिसली,
पेल्यात वाजणारी धार,
कुणाच्या तरी मिशीला फेस.

चौदावीवर तिनं बोट टेकवलं.
ती मी टाकून दिलेली.
हात फाटल्यासारखा, बोटं पुसून गेलेली.
हीच, असं ते बोट म्हणालं.

मग लागलो कामाला.
एका शब्दाच्या तीन फ्रेम कापायच्या,
मागची भिंत काढायची, एकीवर एक ठेवायची,
पहिली फिकट, दुसरी जरा बरी, तिसरी गडद.
हे जेपीजीत जमत नाही,
तिला मोकळी जागा दिसली की
पांढरा चुना फासून मोकळी होते.
पीएनजी रिकामं ते रिकामं ठेवते.
फाइली जड झाल्या. होऊ देत.
दोनशे छप्पन रंगांत कोंबलेलं तिचं कपाळ
ठिपक्याठिपक्यांचंच राहिलं,
जिफमध्ये एकदा सांडलेले रंग
कुठल्या बटणानं गोळा होत नाहीत.

अण्णाप्पा मागनं ओरडले:
मंडळाचं चाळीस फुटी तसंच पडलंय
आणि तू अजून दुधातच काय रं?

काही चौकटींत तांबडे बाण काढले.
'उद्या'ला पुढं, 'काल'ला पाठीमागं.
'आई'ला तिनं बाण काढू दिला नाही.
का, ते बाईंनाही सांगता आलं नाही.

तीन शब्द मात्र कशातच थांबेनात.
'वारा', 'कंटाळा', आणि तिसरा 'मग?'
तुकडे करून बघितले, थर लावून बघितले,
बाण काढला तर 'वारा' नुसता बाणच दिसायला लागला.
रात्रीचे साडेअकरा झालेले.
अण्णाप्पा शटर अर्धं ओढून उभे.

त्या तीन चौकटी मी रिकाम्याच छापल्या.
शब्द तेवढा खाली दिला,
आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात:
रुकय्याला विचारा.